मंडळ चालूच आहे

रॉक बँडने वेळेत थांबावं, या मताचा मी होतो. बीटल्स 1970 साली वेगळे झाले म्हणून ते आजही तरुण वाटतात, आणि रोलिंग स्टोन्स साठी-सत्तरी उलटली तरी तीच गाणी घेऊन देशोदेशी हिंडतात म्हणून त्यांची रया गेली, असं मी चारचौघांत हिरिरीने मांडत असे. गेल्या काही वर्षांत हे मत हळूहळू माझ्या मनातून उतरलं. आज मी उलट बाजूने बोलतो. ज्यांनी माझं जुनं बोलणं ऐकलंय, त्यांना हा बदल समजावून सांगणं मला भाग आहे.

स्टोन्स मला नावडते असते तर एवढा त्रास झालाच नसता. पेडण्यात वाढलेल्या माझ्या पिढीच्या कानांवर दोन तऱ्हेचं संगीत एकदमच पडत होतं. इकडे देवळातलं भजन, पखवाज आणि कार्तिक लागला की जत्रांतले दशावतार. तिकडे हरमलच्या किनाऱ्यावर हिवाळाभर मुक्काम ठोकणाऱ्या परदेशी मंडळींच्या कॅसेटी. परत जाताना त्यातली एखादी ते कोणाला तरी देऊन जात. डबी फुटलेली, वर पेनाने लिहिलेलं नाव पुसट झालेलं. स्टोन्स मी पहिल्यांदा असे ऐकले. 1966 सालच्या ‘पेंट इट ब्लॅक’मध्ये सतार वाजते, ती ब्रायन जोन्सने वाजवलेली. आपल्या कानाला ती कच्चीच लागते. पण वाजवणाऱ्याला त्या वाद्याकडून काहीतरी हवं होतं आणि ते मिळाल्याशिवाय तो हात काढणार नव्हता, हे ऐकू येतं. त्या असोशीने मला धरलं ते धरलंच.

म्हणूनच पुढचं मला सोसवत नव्हतं. जोन्सला जून 1969मध्ये बँडबाहेर काढलं आणि 3 जुलैला, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी, तो घरच्या पोहण्याच्या तलावात मेला. दोनच दिवसांनी हाइड पार्कमध्ये बँडने ठरलेला कार्यक्रम केला, मिक टेलर हा नवा गिटारवादक घेऊन. 1972च्या ‘एक्झाइल ऑन मेन स्ट्रीट’नंतर त्यांनी थांबायला हवं होतं, असा माझा हिशेब. टेलरही 1974 अखेर निघून गेला, त्याच्या जागी रॉनी वुड आला. 1993 साली बिल वायमनने बेस गिटार खाली ठेवली. माणसं गळत होती आणि नाव चालत होतं. पंचेचाळिशीत ‘सॅटिस्फॅक्शन’ गाण्यापेक्षा मेलेलं बरं, असं बँडचा गायक मिक जॅगर तरुणपणी म्हणाला होता अशी गोष्ट सांगतात. ती तर मी पुरावा म्हणूनच वापरायचो.

माझ्याकडे घरचाही एक दाखला होता. केसरबाई केरकर, आमच्या गोव्याच्या, फोंडा तालुक्यातल्या केरीच्या. सत्तरी गाठली तेव्हा त्यांनी आपण होऊन जाहीर मैफली बंद केल्या. गळा उतरू लागल्याचं लोकांनी सांगायच्या आत त्या उठल्या. थांबावं तर असं, हे माझं पालुपद. एप्रिल 2003मध्ये स्टोन्स भारतात आले, 4 तारखेला बेंगळुरूला आणि 7 तारखेला मुंबईत ब्रेबर्न स्टेडियमवर. बँडला तेव्हा चाळीस वर्षं होऊन गेली होती. गोव्यातून माझ्या ओळखीचे लोक गेले. मी ठरवून गेलो नाही.

24 ऑगस्ट 2021 रोजी चार्ली वॉट्स गेला. 1963च्या जानेवारीपासून त्या बँडचा ड्रमर. आणि महिन्याभराने, 26 सप्टेंबरला, सेंट लुईसमध्ये दौरा सुरूसुद्धा झाला. ड्रमवर स्टीव्ह जॉर्डन. मला हे निर्लज्जपणाचं वाटलं. हाइड पार्कचीच पुनरावृत्ती, या वेळी वयाची सबबही नाही.

त्यानंतरच्या एका जत्रेत मी रंगपटात बसलो होतो. तेरेखोल नदीपलीकडून आलेलं मंडळ. वर्षानुवर्षं त्यांच्याकडे राजाची भूमिका करणारा नट आम्हा सगळ्यांचा लाडका होता आणि तो वारला होता. दशावताराचा रंगपट जवळून पाहिलेल्यांना ते दृश्य ठाऊक असेल. जमिनीवर चटई, ज्याची त्याची ट्रंक, हातातला छोटा आरसा गुडघ्याला टेकवलेला आणि जो तो आपला चेहरा आपणच रंगवतोय. संहिता नाही. रात्रीचं आख्यान कोणतं ते ठरतं, जाणता माणूस कथा सांगतो, कोणी कोणानंतर यायचं ते बोलून घेतात; बाकी संवाद रंगभूमीवर उभं राहूनच सुचायचे. मी पायपेटीवाल्या म्हाताऱ्याला हळूच म्हटलं, आता तुमचं कसं व्हायचं? त्याने मान वर केली. “तो नाय म्हणान नाटक थांबता काय?” आणि समोर भुवया रेखत बसलेल्या पोराकडे बोट करून म्हणाला, “तेनाच शिकयल्यान ह्येका.”

गणपती झाला, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, भटजी झाले, शंखासुराने पोरांना हसवलं आणि मध्यरात्रीनंतर आख्यानात तो पोरगा राजा होऊन आला. पहिला बराच वेळ सगळे त्याच्यात जुना राजा शोधत होते, मीसुद्धा. आवाज तेवढा भरदार नव्हता. पण बापलेकाच्या प्रसंगात तो एका वाक्यावर अडला. ठरवून अडला की खरोखर, मला कळलं नाही. मृदंगवाल्याने ती जागा रिकामी सोडली नाही. हलक्या हाताने ठेका धरून ठेवला, समोरच्या नटाने प्रश्न पुन्हा फिरवून विचारला आणि पोराला असं वाक्य सापडलं की बायका पदर डोळ्यांना लावू लागल्या. जुना राजा ते वाक्य कधी बोलला नव्हता. तरी त्याला ते सापडलं ते जुन्या राजाने ज्यांच्याबरोबर आयुष्य काढलं त्या माणसांमुळे.

तेव्हा मला एक साधी गोष्ट लक्षात आली. पार्सेकर, मोचेमाडकर, वालावलकर ही मंडळांची नावं मी जन्मापासून ऐकतोय. माणसं येतात, जातात, म्हातारी होतात. ‘अजून किती वर्षं?’ असं मी एकाही मंडळाला कधी विचारलं नाही. आख्यानं तीच, म्हणूनही कधी कुरकुरलो नाही. उलट तीच असतात म्हणून आज काय वेगळं घडतं ते पाहायला जातो. मग लंडनच्या मंडळाला मी वेगळा कायदा का लावत होतो?

घरी येऊन मी वॉट्सच्या शेवटच्या महिन्यांबद्दलचं सगळं पुन्हा वाचलं. ऑगस्टच्या सुरुवातीला, दौऱ्यावर येता येणार नाही असं जाहीर करताना, त्याने स्वतःच सांगितलं होतं की आपल्या जागी बसायला आपण स्टीव्ह जॉर्डनला विनंती केली आहे. जॉर्डन परका नव्हता. 1988 साली बँडचा गिटारवादक कीथ रिचर्ड्सने एकट्याची तबकडी काढली ती त्याच्याच साथीने. सेंट लुईसचा कार्यक्रम सुरू झाला तो रिकाम्या मंचावर. नुसता ड्रमचा ठेका आणि पडद्यावर वॉट्सचे फोटो. हे सगळं तेव्हाही छापून आलंच होतं. रागाच्या भरात मी नजरेआड केलं होतं.

इथे थोडं थांबून वॉट्सच्या हाताबद्दल सांगतो, कारण मुद्दा तिथेच आहे. रॉकचा ड्रमर उजव्या हाताने हाय-हॅटच्या झांजेवर सारख्या अंतराने ठेका चालू ठेवतो आणि दुसऱ्या व चौथ्या मात्रेला डावा हात स्नेअर ड्रमवर मारतो. बहुतेकांचे त्या मात्रेला दोन्ही हात एकदम पडतात. वॉट्स नेमका तेव्हा उजवा हात वर उचलून घ्यायचा. झांज क्षणभर गप्प, स्नेअर एकटा. एकदा हे कळलं की प्रत्येक गाण्यात ऐकू येतं. शिवाय इतर बँडांत बाकीचे ड्रमरच्या मागून जातात, इथे ड्रमर रिचर्ड्सच्या गिटारमागून जायचा. रिचर्ड्सने 1968च्या सुमारास गिटारची सहावी, सगळ्यांत खर्जातली तार काढून टाकली आणि उरलेल्या पाच आपल्या भाषेत सा-प-सा-ग-प अशा जुळवल्या. नुसती तारांवरून बोटं फिरवली तरी सूर भरून राहतो. त्या पाच तारा, आणि त्यांच्या किंचित मागे राहणारा तो उचललेला हात, यांच्या मधल्या फटीत स्टोन्सचं संगीत आहे. एकट्या रिचर्ड्सकडे ते नाही, एकट्या वॉट्सकडेही नव्हतं. जॉर्डनचा हात जड आहे, त्याची फट वेगळी पडते. पण फट आहे. मी 2021चं ध्वनिमुद्रण हट्टाने दोष काढायला ऐकत होतो. ‘टम्बलिंग डाइस’ लागलं आणि पाय आपोआप हलू लागला.

आणखी एक गोष्ट मी नीट पाहिली नव्हती. ही पोरं मुळात कोणासारखी व्हायला निघाली होती? बँडचं नाव ब्लूजगायक मडी वॉटर्सच्या 1950 सालच्या गाण्यावरून घेतलेलं. 1961 साली डार्टफर्ड स्टेशनवर जॅगर आणि रिचर्ड्स हे बालपणीचे ओळखीचे पुन्हा भेटले, तेव्हा जॅगरच्या काखेत मडी वॉटर्स आणि चक बेरी यांच्या तबकड्या होत्या. 1965मध्ये अमेरिकेतल्या एका दूरचित्रवाणी कार्यक्रमाला त्यांनी अट घातली की आमच्याबरोबर हाउलिन वुल्फ आला पाहिजे. तो चौपन्न वर्षांचा, प्रचंड देहाचा कृष्णवर्णीय गायक त्या गोऱ्या घरांतल्या पडद्यावर गायला आणि हे सगळे त्याच्या पायांशी बसून ऐकत होते. त्यांचे आदर्श म्हणजे उतारवयात, थकल्या गळ्याने, बारमध्ये खुर्चीवर बसून गाणारी माणसं. 1981 साली शिकागोच्या एका छोट्या क्लबात मडी वॉटर्स गात होता, तिथे जॅगर, रिचर्ड्स आणि वुड जाऊन त्याच्या साथीला उभे राहिले. मडी तेव्हा साठी ओलांडलेला होता. त्याला कोणी थांब म्हटलं नाही. लवकर जळून जाण्यातच खरं रॉक आहे, ही कल्पना पुढे आमच्यासारख्या ऐकणाऱ्यांनी त्यांच्यावर लादली.

ऑक्टोबर 2023मध्ये ‘हॅकनी डायमंड्स’ निघाला, नव्या गाण्यांचा अठरा वर्षांतला पहिला संग्रह. दोन गाण्यांवर वॉट्सचे मागे राहिलेले ड्रम आहेत, त्यातल्या एकावर वायमनही पुन्हा वाजवून गेलाय. आणि शेवटी मडी वॉटर्सचं ते नाव देणारं गाणं, जे त्यांनी तोवर कधीच मुद्रित केलं नव्हतं. फक्त दोघे. रिचर्ड्सची गिटार, जॅगरचा गळा आणि माउथ ऑर्गन. ऐंशीच्या उंबरठ्यावरचे दोघे आता ते स्वतःचं असल्यासारखं गातायत. साठ वर्षांपूर्वी त्यांनी ते गायलं असतं तर नक्कल झाली असती.

केसरबाईंचा दाखला मी आता तसा देत नाही. ख्यालगायिकेचा गळा तिचा एकटीचा. तो कधी मिटवायचा हा अधिकारही तिचाच, आणि त्यांनी तो राजेशाही थाटात वापरला. बँड असो की मंडळ, तिथे जे वाजतं ते माणसामाणसांच्या मध्ये असतं. एकाने उठून जाण्याने त्याचा निकाल लागत नाही.

तिकिटांबद्दलचा माझा राग मात्र कायम आहे. आमच्या जत्रेत घोंगडं पसरून कोणीही बसतो. स्टोन्सचं तिकीट काढायला नोकरदाराला पगार मोजावा लागतो. 2006मध्ये रिओच्या किनाऱ्यावर आणि 2016मध्ये हवानात त्यांनी फुकट गाऊन दाखवलंय, म्हणजे जमतं. 2024च्या अमेरिका दौऱ्याला ज्येष्ठ नागरिकांच्या संघटनेने पैसा पुरवला, याला मी पूर्वी नाक मुरडलं असतं. आता मुरडत नाही. एक्क्याऐंशीव्या वाढदिवसाच्या आठवड्यापर्यंत जॅगर ‘सॅटिस्फॅक्शन’ गात होता.

जॅगर आणि रिचर्ड्स दोघेही 1943चे. त्यांच्यानंतर काय? हे नाव त्या दोघांबरोबर थांबावं, असं मी म्हणतो. मुलगा ऐकत नाही. तो म्हणतो, बाबा, मंडळाच्या नावातला माणूस कधीच जातो, तरी पाटीवर आडनाव राहतंच ना? मग हेच का उतरवायचं? दशावताराची आख्यानं पुराणांतली, कोणा एकाची नव्हेत. ही गाणी या दोघांच्या अंगातून निघालीत, असं उत्तर मी देतो. त्याला ते पटत नाही. मलाही आता ते पूर्वीइतकं पटत नाही.