विरोधातील एक मत

८ मार्च २०१०, जागतिक महिला दिन. लोकसभा व विधानसभांतील एकतृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखून ठेवणारे १०८ वे घटनादुरुस्ती विधेयक त्या दिवशी राज्यसभेपुढे आले आणि चर्चेऐवजी गोंधळ माजला. काही सदस्य सभापती हमीद अन्सारी यांच्या आसनापर्यंत धावून गेले. विधेयकाच्या प्रती फाडण्यात आल्या. ९ मार्चला सात सदस्य निलंबित झाले. ते सभागृह सोडीनात, तेव्हा मार्शलांनी त्यांना उचलून बाहेर नेले.

त्यांच्या बाजूचे म्हणणे निरर्थक नव्हते. मागासवर्गीय व अल्पसंख्याक स्त्रियांना या आरक्षणात वेगळा वाटा असावा, ही मागणी विचार करण्याजोगी होती. पण लोकांच्या स्मरणात मागणी राहिली नाही, फाटलेले कागद तेवढे राहिले.

त्याच दिवशी मतदान झाले. बाजूने १८६, विरोधात १. ते एक मत महाराष्ट्रातील शेतकरी नेते शरद जोशी यांचे होते. १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचे विराट अधिवेशन भरविणारे आणि ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहिमेतून शेतजमीन पत्नीच्या नावे करून देण्यास शेतकऱ्यांना प्रवृत्त करणारे जोशी स्त्रियांचे विरोधक खचितच नव्हते. त्यांचा आक्षेप आरक्षणाच्या पद्धतीला होता. राखीव मतदारसंघ निवडणुकीगणिक फिरते राहिले, तर निवडून आलेली स्त्री आपला मतदारसंघ जोपासणार कशी?

त्या एका मताने निकाल बदलला नाही. विधेयक लोकसभेत मंजूर झालेच नाही आणि २०१४ साली ती लोकसभा विसर्जित होताच व्यपगत झाले. पुढे २१ सप्टेंबर २०२३ रोजी राज्यसभेने नवे विधेयक २१४ विरुद्ध शून्य मतांनी संमत केले. त्यात राखीव जागांची अदलाबदल निवडणुकीगणिक न होता मतदारसंघांच्या प्रत्येक पुनर्रचनेनंतर व्हावयाची आहे. २०१० साली ज्या मुद्द्यावर एकच मत विरोधात पडले, तो मुद्दा गैरलागू नव्हता, एवढे यावरून दिसते.

अनेकांताचा वारसा सांगणाऱ्या समाजाने या दोन दिवसांकडे अवश्य पाहावे. प्रत्येक नय सत्याचा एक अंश दाखवितो, हे आपण प्रवचनात ऐकतो; परंतु संघाच्या वार्षिक सभेत एखादा हात विरोधात वर गेला की भुवया उंचावतात आणि कार्यवृत्तात ‘एकमताने मंजूर’ असे लिहिले जाते. राज्यसभेच्या नोंदीत १८६ च्या शेजारी तो १ आजही कायम आहे. विरोध करणाऱ्याने भाषा समिती पाळावी, हित आणि मित बोलावे. आणि बहुमताने त्याचे म्हणणे कार्यवृत्तात त्याच्या नावानिशी नोंदवावे. एवढे झाले, तर अनेकांत प्रवचनातून सभेत उतरला, असे म्हणता येईल.