अडवण्याचे कसब

पाऊस लागून राहिला की आमच्या बदलापूर-अंबरनाथकडे ‘बारवी भरलं का?’ ही चौकशी सुरू होते. म्हणून मॉसफेट हा ट्रान्झिस्टर शिकवताना मी मुलांना बारवी धरणच देतो: साठ्याच्या बाजूला सोर्स, उताराच्या बाजूला ड्रेन, मध्ये गेट. फरक एवढाच की मॉसफेटमध्ये दरवाजा हलत नाही. गेटवर धन व्होल्टेज दिला की सिलिकॉनच्या पृष्ठभागाशी इलेक्ट्रॉन ओढले जातात, वाट तयार होते. व्होल्टेज काढला की ती मिटते.

१६ डिसेंबर १९४७ रोजी बेल लॅब्जमध्ये बार्डीन आणि ब्रॅटन यांनी जर्मेनियमवर पहिला ट्रान्झिस्टर चालवला, तेव्हा अप्रूप होते ते क्षीण संकेत मोठा होण्याचे. शिकवता शिकवता माझे मत मात्र पक्के होत गेले की ट्रान्झिस्टरची परीक्षा घ्यायची ती तो बंद असताना.

नॅनोमीटरच्या जगात हे अडवणेच अवघड होते. गेटखालचा ऑक्साइडचा थर १.२ नॅनोमीटरवर, म्हणजे जेमतेम पाच अणूंच्या जाडीवर आला, तेव्हा इलेक्ट्रॉन त्यातून आरपार जाऊ लागले. हे टनेलिंग; थर कितीही निर्दोष असला तरी ते थांबत नाही. २००७ मध्ये इंटेलने हाफनियमयुक्त, जाड थर वापरून तिथली गळती आवरली.

दुसरी अडचण मला जास्त मोलाची वाटते. बारवीचे स्वयंचलित दरवाजे पाणी ठराविक पातळीला गेले की आपोआप उघडतात, आणि धरणाच्या सुरक्षेसाठी ते उघडायलाच हवेत. ट्रान्झिस्टरमध्ये मात्र असे आपोआप उघडणे हा रोग. वाट फार आखूड झाली की ड्रेनच्या व्होल्टेजचा प्रभाव थेट सोर्सजवळच्या अडथळ्यापर्यंत पोचतो आणि अडथळा खाली बसतो. गेटला न विचारता प्रवाह सुरू! म्हणून वाट उभी करून गेट तिच्या तीन बाजूंना आणले, आणि आता नॅनोशीटमध्ये चारही बाजूंना.

तरीही उष्णता उरतेच. नेहमीच्या तापमानाला साध्या मॉसफेटचा प्रवाह दहापट घटवायचा, तर गेटचा व्होल्टेज किमान ६० मिलिव्होल्टने उतरवावा लागतो. कितीही कुशल कारागीर असला तरी त्याहून कमीत भागत नाही. उष्णतेने गळती कशी वाढते हे मुलांना पटावे म्हणून मी २एन७००० या स्वस्त मॉसफेटची डेटाशीट उघडायला लावतो. बंद अवस्थेतली कमाल गळती २५ अंशांना १ मायक्रोअँपिअर, १२५ अंशांना १ मिलिअँपिअर. हजारपट! मग गेट सोर्सला जोडून, मीटर लावून, गरम सोल्डरिंग आयर्न त्याच्याजवळ कोण धरणार यावरून वर्गात चढाओढ लागते.