दोन सुटकेसांतली चित्रं

मुलांनो, गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही तिघी मैत्रिणी चार दिवस प्राग शहरात होतो. प्राग म्हणजे चेक देशाची राजधानी. नकाशात बघा, जर्मनीच्या पूर्वेला सापडेल. डी.एड.ला एका बाकावर बसायचो, तेव्हापासून आम्ही या सहलीसाठी पैसे साठवत होतो.

पहिल्या दिवशी चार्ल्स पूल पाहिला. १३५७ साली पाया घातलेला दगडी पूल, कठड्यांवर ३० पुतळे नि खाली व्लतावा नदी. मग गेलो चौकातलं १४१० सालचं घड्याळ बघायला. तास भरला की तिथला सांगाडा घंटेची दोरी ओढतो, वरच्या खिडक्यांतून येशूचे १२ शिष्य एकामागून एक डोकावतात आणि शेवटी सोनेरी कोंबडा आरवतो. आम्ही धापा टाकत पोचलो, तर कोंबड्याचं आरवून झालेलं! मग काय, पुढचा तास वाजेपर्यंत तिघी तिथेच उभ्या.

पण मला सांगायचंय ते तिसऱ्या दिवसाचं.

जुन्या ज्यू वस्तीत पिंकास नावाचं प्रार्थनास्थळ आहे. आत भिंतीभर बारीक नक्षी दिसते. जवळ गेल्यावर कळतं, ती नावं आहेत. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी इथले जे ज्यू मारले, त्यांची जवळजवळ ८० हजार नावं.

वरच्या मजल्यावर मुलांची चित्रं आहेत. प्रागपासून साधारण ६० किलोमीटरवर तेरेझिन गाव आहे. १९४१ पासून नाझींनी तिथे ज्यूंना कोंडलं, लहान मुलांनासुद्धा. शाळा भरवायला बंदी. पण कोंडलेल्यांतच फ्रीडल डिकर-ब्रँडाइस नावाच्या चित्रकार बाई होत्या. त्या मुलांना चित्रं काढायला शिकवत. कागद कुठला मिळायला? जुने फॉर्म, पाठकोरे कागद, हाती लागेल ते. मात्र चित्रावर आपलं नाव घालायचं, हा बाईंचा आग्रह. १९४४ साली बाईंना आउश्वित्झच्या छळछावणीत नेऊन मारलं. जाण्याआधी त्यांनी सुमारे साडेचार हजार चित्रं दोन सुटकेसांत भरून दडवली होती. बहुतेक मुलंही वाचली नाहीत. चित्रं तेवढी राहिली.

काय काढलं होतं त्या मुलांनी? घर, झाडं, फुलं, फुलपाखरं. तुम्ही काढता तेच की!

खरं सांगू? मला तिथे आमच्या शाळेतला निकालानंतरचा दिवस आठवला. दरवर्षी मी कपाट आवरते आणि वर्षभराची चित्रं, तीच ती दोन डोंगर, मधला सूर्य, नदी नि झोपडी, गठ्ठा बांधून रद्दीत देते. कित्येकांवर नावही नसायचं. मी कधी ‘घाला’ म्हटलंच नव्हतं.

खालून मैत्रीण हाका मारत होती, "अगं चल ना, किल्ला बंद होईल!" शेवटी वैतागून वर आली. मग तीही माझ्याशेजारी गप्प उभी राहिली. किल्ला आम्ही चौथ्या दिवशी धावत धावत पाहिला.

जूनमध्ये पहिल्याच चित्रकलेच्या तासाला मी म्हटलं, "नाव घाला, तारीख घाला." एकाने विचारलं, "बाई, परीक्षा आहे का?"

यंदा रद्दीवाल्याला मी रिकाम्या हाताने परत पाठवलं. खडूचे खोके ठेवायला कपाटात जागा नाही, म्हणून शिपाईकाका मात्र माझ्यावर नाराज आहेत.