जुनी तीनचाकी घ्यावी का नाही : आमच्या घरचा हिशेब



पंधरा दिवस झाले, आमच्या घरात एकच बोलणं चालू आहे. जुनी मालवाहू तीनचाकी घ्यायची का नाही. बार्शीकडं एक ॲपे विकायला आहे. २०१७ चं मॉडेल, डिझेल, मालक ९५ हजार म्हणतोय. गावातले दोघं-तिघं पण याच विचारात आहेत. म्हणून म्हणलं, वहीत मांडलेलं सगळं इथं लिहून टाकावं. पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या.

आधी आमचं कसंय ते सांगतो. येडशीच्या शिवारात चार एकर रान. अडीच एकरात सोयाबीन-तूर, दीड एकरात माळवं. टोमॅटो, वांगी, कोथिंबीर. सोयाबीनला गाडी लागत नाही, ती वर्षातनं एकदा ट्रॅक्टरनं जाते. माळवं मात्र आठवड्यातनं तीनदा धाराशिवला न्यावं लागतं, वीसेक किलोमीटर. आणि रान आहे डांबरी रस्त्यापासून सहाशे मीटर आत. मध्ये वगळ आहे. पाऊस झाला की पिकअपवाला आत येत नाही, अन पाऊस नसला तरी नको म्हणतो. बैलं तीन वर्षांखाली विकली. आता मोटारसायकलवर दोन-दोन क्रेट बांधून मी आणतो अन बाकीचे मालकीण डोक्यावर आणती. भरलेला टोमॅटोचा क्रेट चोवीस किलोच्या आसपास भरतो.

ही तीनचाकी म्हणजे तशी मोटारसायकलचीच बहीण. हँडल मोटारसायकलचं, पुढं एक चाक, मागं दोन चाकं अन डाला. इटलीत दुसऱ्या महायुद्धानंतर लोकांकडं पैसा नव्हता अन माल तर न्यायचा होता, तवा स्कूटरला मागं डाला जोडून १९४८ साली ॲपे निघाली. त्यांच्या भाषेत ॲपे म्हणजे मधमाशी. आता ती आपल्या बारामतीत बनती. त्याच्या आधी आपल्याकडं तीनचाकी आली ती टेम्पो नावाच्या जर्मन कंपनीची. १९५८ पासनं बजाज टेम्पोनं ती इथं बनवायला घेतली. कंपनीचं नाव गाडीला पडलं अन अजून आपण कुठल्याही मालाच्या गाडीला टेम्पोच म्हणतो. म्हणजे गरज तीच आहे बगा, इटलीत काय अन येडशीत काय. बैलगाडी परवडंना अन ट्रक भरंना, अशा माणसाची ही गाडी.

आता हिशेब. मी वहीत तीन खाने केलेत.

पहिला खाना, भाड्याचा. माळव्याचा हंगाम वीस आठवडे धरला. आठवड्याला तीन म्हणजे साठ फेऱ्या. एका फेरीला सरासरी बारा क्रेट. पिकअपवाला क्रेटला ३० रुपये घेतो, म्हणजे फेरीला ३६०. साठ फेऱ्यांचे २१,६०० झाले. शिवाय पट्टी घ्यायला मी मोटारसायकलनं मागं जातो, त्याचं पेट्रोल ८० रुपये, साठ फेऱ्यांचं ४,८००. एकूण २६,४००.

घरची गाडी असली तर? बाजाराचे २,४०० किलोमीटर अन रानातली, खताबियाची फिरती ६०० धरली, म्हणजे ३,००० किलोमीटर. मालक लिटरला तीस देती म्हणतो. विकणाऱ्याचं तीस म्हणजे आपलं पंचवीस. १२० लिटर डिझेल, धरा ११ हजार. विमा, पासिंग, पीयूसी मिळून १२ हजार. टायर, ऑइल, क्लच प्लेट असल्या दुरुस्तीला १२ हजार. झाले ३५ हजार. म्हणजे भाड्यापेक्षा वर्षाला ८,६०० जास्तच, अन गाडीची किंमत अजून वेगळी. नुसत्या आपल्या बारा क्रेटसाठी गाडी घेणं म्हणजे चहासाठी म्हैस घेण्यासारखं आहे.

दुसरा खाना, शेजाऱ्यांचा. आमच्या वाटेवरच्या दोघांचं पण माळवं असतं. ते म्हणतात, तुमच्या गाडीत टाकू, पिकअपचं भाडं तुम्हाला देऊ. पण इथं एक गोष्ट बघावी लागती. असली गाडी साधारण अर्धा टन ओढती. वीस क्रेट म्हणजे ४८० किलो झाले. मग आमचे बारा अन त्यांचे आठ, त्याच्या वर एक पण नाही. आठ क्रेटचे २४० रुपये, साठ फेऱ्यांचे १४,४००. खर्च उरला २०,६००. भाड्यापेक्षा ५,८०० वाचले. त्यात अजून एक. मागच्या हंगामात पाच वेळा पिकअप उशिरा आली, सौदे निघून गेले अन क्रेटमागं साठेक रुपये कमी मिळाले. ते ३,६०० धरले. असे वर्षाला ९,४०० सुटतात.

गाडीचे ८० हजार अन घेतल्या घेतल्या लागणारे २० हजार, असा लाख रुपये खर्च. शेवटी मोडीत-विक्रीत ३० हजार आले तर ७० हजार फिटायला सात वर्षांच्या वर. २०१७ ची गाडी अजून सात वर्षं चालंल याचा भरवसा कोण देणार?

इथं बरेच जण वही मिटतात. मी तिसरा खाना केलाय, तो सहाशे मीटरचा.

रानातनं रस्त्यापर्यंत क्रेट आणायला बाहेरचं माणूस लावलं असतं तर दर फेरीला दोनशे रुपये द्यावे लागले असते. साठ फेऱ्यांचे १२ हजार. हे काम आमच्या घरात फुकट होतं, म्हणून कुणाच्या वहीत येत नाही. पण ते फुकट नाही. मालकिणीचा उजवा गुडघा दोन वर्षं झाली दुखतोय. डॉक्टरनं सांगितलंय, डोक्यावर ओझं घ्यायचं नाही. ती म्हणती, "मला गाडीत बसून फिरायचं न्हाई. क्रेट तेवढा डोक्यावरचा उतरवा."

हे १२ हजार मांडले की वर्षाची बचत होती २१,४००. मग ७० हजार साडेतीन वर्षांच्या आत फिटतात. गाडी तीच, किंमत तीच, बाजार तोच. घरच्या बाईच्या कष्टाची मजुरी धरली तर गाडी परवडती, नाही धरली तर परवडत नाही. माझ्या मते धरली पाहिजे. मजूर बाईला जे देतो ते घरच्या बाईच्या नावानं निदान वहीत तरी लिहावं.

कुणी म्हणंल, वाटच नीट करून घ्या. बरोबर आहे. पाणंद रस्त्यांची योजना आहे, पण वाटेवरच्या सगळ्यांची संमती लागती अन आमच्यात दोघांचं अजून जमंना. वाट झाली तर पिकअप आत येईल अन निम्मी गरज मिटंल. पण गुडघा तवर थांबत नाही.

आता स्वस्तातली दुसरी वाट. जुन्या मोटारसायकलचं मागचं चाक काढून वेल्डरकडनं दोन चाकांचा डाला बसवलेली गाडी ३८ हजारात मिळती. गुजरातेत छकडा म्हणतात तसली. रानात पळायला झकास. पण तिची अशी नोंद आरटीओत होत नाही अन नोंद नाही तर विमा नाही. आपल्याला तर धाराशिवला जायला चौपदरी हायवे आहे. तिथं कुणाला लागलं तर भरपाई खिशातनं, म्हणजे रानातनं द्यायची. थोडे पैसे वाचवायला चार एकर डावावर लावायचे, हे मला पटत नाही. बॅटरीवरच्या पण बघितल्या. नवीला पैसा नाही, अन जुन्या बॅटरीत किती जीव उरलाय ते आपल्या डोळ्याला दिसत नाही.

आता ही ॲपे बघताना काय काय बघितलं ते सांगतो, कारण जुन्या गाडीत पैसा कागदात अडकतो.

आरसी बुकावर नाव पहिल्या मालकाचं आहे. विकणारा तिसरा. मधल्या कुणीच नावावर केली नाही. शिवाय बुकावर कर्ज देणाऱ्याचा बोजा अजून आहे. "हप्ते कवाच फिटलेत," म्हणतो. फिटले असतील, पण बोजा उतरवायला कर्ज देणाऱ्याचा दाखला अन फॉर्म ३५ लागतो. नावावर करायला फॉर्म २९ अन ३०, त्यावर ज्याचं नाव बुकात आहे त्याची सही. गाडी एमएच १३ म्हणजे सोलापूरची, आपल्याकडं एमएच २५. मग तिकडच्या आरटीओची एनओसी पण. स्टँप पेपरवर लिहून घेतलं म्हणजे गाडी आपली झाली असं नाही. अपघात झाला तर कायदा बुकातलं नाव बघतो. सुप्रीम कोर्टानं २०१८ साली हेच सांगितलंय. म्हणून विकणाऱ्यानं पण नाव उतरवल्याशिवाय गाडी सोडू नये. फोनवर एम-परिवहन ॲपमध्ये नंबर टाकला की पासिंग कवापर्यंत आहे, विमा आहे का, बोजा आहे का, सगळं दिसतं. राहिलेले चलन पण बघून घ्या. अन आठ वर्षांच्या पुढच्या मालवाहू गाडीला पासिंग दरवर्षी लागतं, तो खर्च धरूनच चाला.

इंजिन बघायला मेस्त्रीला नेलं. सकाळी गार असताना चालू करायला लावलं. आधीच तापवून ठेवली असंल तर समजायचं काहीतरी लपवतोय. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा धूर म्हणजे डिझेल नीट जळंना. ऑइलचं झाकण काढून तिथनं भकाभका धूर येतो का बघितलं. हिचा येत नाही. चासीचा नंबर बुकाशी जुळतो. पण डाल्याखाली चासीला एक जुना वेल्डिंगचा टाका आहे, म्हणजे मागं कुणीतरी बोजड भरलीय. पुढच्या चाकाला थोडा खेळ आहे. दोन्ही मागचे टायर संपलेत. मेस्त्रीनं २० हजार सांगितले ते याचे.

अजून एक, चालवायचं. तीन चाकांची गाडी म्हणजे त्रिकोण, पुढं निमुळता. वळणावर ब्रेक दाबला की वजन पुढं सरतं, तिथं एकच चाक, अन गाडी कलंडती. म्हणून ब्रेक वळणाच्या आधी, वळणात नाही. माल खाली, मधोमध, बांधून. आपण बालाघाटावर, बार्शी खाली. तिकडं भरून जाताना उतार गिअरमध्येच उतरायचा.

बार्शी लाईट रेल्वे आपल्या येडशीवरनंच जायची. १८९७ ला कुर्डुवाडी-बार्शी चालू झाली, १९११ ला लातूरला पोचली. रूळ फक्त अडीच फुटाचे. ती बांधणाऱ्या कॅलथ्रॉप साहेबानं नियमच केला होता, एका आसावर पाच टनाच्या वर वजन नाही. वजन सारखं वाटलं म्हणून एवढ्याशा रुळावर एवढा माल गेला. गाडी बारकी असण्यात वाईट काही नाही, वजन कुठं अन किती टाकतो ते महत्त्वाचं.

उन्हाळ्यात पाणी वाहायला पण उपयोग होईल. २०१६ ला मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आपल्या डोळ्यासमोरनं गेली, तसं साल परत येणार नाही असं कुणी म्हणू नये. पण दोनशे लिटरच्या दोनच टाक्या, अन काठोकाठ भरून झाकण लावलेल्या. अर्धवट टाकीतलं पाणी वळणावर हेलकावतं अन गाडी ओढून नेतं. अन डाल्यात रोजगाराच्या बाया बसवायच्या नाहीत म्हणजे नाहीत. मालाच्या गाडीत माणसं न्यायची परवानगी नसती, अन काही झालं तर विमावाला हात वर करतो. दुचाकीचं लायसन पण हिला चालत नाही, ते वेगळं काढावं लागंल.

तर शेवटी घरात बसून असं ठरवलंय. मालकाला ७८ हजार सांगितलेत. बोजा उतरवून, पहिल्या मालकाची सही आणून, आरटीओत माझ्या नावाचा अर्ज दाखल झाला की पैसे, त्याच्या आधी इसाराचा एक रुपया नाही. दसऱ्यापर्यंत वाट बघायची. त्यानं कागद केले तर घ्यायची, नाही केले तर दुसरी शोधायची, पण याच अटीवर. शेजाऱ्यांशी भाडं क्रेटला ३० ठरलंय, भागीदारी नाही. गाडी एकाच्याच नावावर बरी.

अन गाडी येवो न येवो, डोक्यावरचे क्रेट आजपासनं बंद. तवर मी मोटारसायकलवर दोन खेपा जास्त मारीन. उजाडायच्या आधी अर्धा तास उठावं लागंल, एवढंच.

कुणी जुनी तीनचाकी घेऊन दोन-तीन वर्षं वापरली असंल तर दुरुस्तीचा खरा आकडा कळवा. माझे १२ हजार कमी धरलेत का जास्त, ते मला दसऱ्याच्या आधी कळलं पाहिजे.

राम राम.