एकाच वाद्याचे दोन-दोन नग कशाला? : बेस गिटारच्या निमित्ताने



"सर, गिटार तर आहे ना त्याच्याकडे. मग आणखी एक कशाला?" वाद्य शिकणाऱ्या मुलांचे पालक हे हमखास विचारतात. प्रश्न रास्त आहे. घरखर्चातून पैसे काढायचे असतात, आणि मुलाला इंटरनेटवर रोज नवीन वाद्य आवडत असतं. पण या प्रश्नाला सरळ 'हो' किंवा 'नाही' म्हणून चालत नाही. थोडी आकडेमोड करावी लागते. ती कशी करायची, हे आज माझ्या स्वतःच्या वाद्यावरून सांगतो.

मी आठवड्याचे दिवस शाळेत गणित आणि विज्ञान शिकवतो. शनिवार-रविवारी आणि सणासुदीला ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवतो. ज्यांना हे वाद्य माहीत नाही त्यांच्यासाठी: बेस गिटारला साधारणपणे चार जाड तारा असतात आणि तिचे सूर साध्या गिटारपेक्षा एक सप्तक खाली असतात. पेटीच्या भाषेत सांगायचं तर सगळ्यात खालची तार पांढरी तीनची. ढोलक-ड्रम आणि गाणं यांना एकत्र बांधून ठेवणं हे तिचं काम. ती वाजत असते तेव्हा फारसं कुणाचं लक्ष जात नाही. थांबली की मात्र गाणं एकदम पोकळ वाटायला लागतं.

आधी कामाची यादी

वाद्याच्या दुकानात जाण्याआधी एक कागद घ्यावा आणि गेल्या वर्षभरात आपण कुठे-कुठे वाजवलं ते लिहावं. माझ्या डायरीत मागच्या वर्षीचे ४६ कार्यक्रम निघाले. जुन्या हिंदी-मराठी गाण्यांचा ऑर्केस्ट्रा १९, लग्नातले संगीत सोहळे ९, भावगीत-सुगम संगीत ८, शाळा-कॉलेजांची स्नेहसंमेलनं ५, नाताळात चर्चमध्ये ३ आणि जॅझ २. आता प्रत्येक कामाला वाद्याकडून काय हवं ते पाहू.

जुनी गाणी : एकच, पण भरवशाची

अमेरिकेत कॅलिफोर्नियात लिओ फेंडर नावाचा एक रेडिओ दुरुस्त करणारा माणूस होता. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नसे. त्याने १९५१ साली 'प्रिसिजन बेस' बाजारात आणली. त्याआधी वादकांना माणसाच्या उंचीचा डबल बेस घेऊन हिंडावं लागे, आणि त्यावर पडदे नसल्यामुळे सूर कानानेच शोधावा लागे. नव्या वाद्याला पडदे होते, म्हणून सूर नेमका लागे. 'प्रिसिजन' म्हणजे नेमकेपणा, नाव त्यावरूनच आलं. पुढे १९६० मध्ये त्याच कंपनीची 'जॅझ बेस' आली. तिची मान नटाजवळ अरुंद आणि तिला दोन पिकअप, म्हणून आवाजात जास्त छटा काढता येतात. आज बाजारातल्या बहुतेक बेस गिटार या दोघींच्याच लेकीबाळी आहेत.

अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात मोटाऊन कंपनीच्या गाण्यांवर वाजवणारा जेम्स जेमरसन साठच्या दशकात प्रामुख्याने एका प्रिसिजन बेसवरच काम करत होता. त्यावर चपट्या पट्टीने गुंडाळलेल्या, म्हणजे फ्लॅटवूंड तारा होत्या. अशा तारांचा आवाज गोल, जाड आणि लवकर विझणारा असतो. आपल्याकडे राहुल देव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बेस वाजवत. त्या काळातली गाणी वाजवताना हाच गोल आवाज कामाला येतो. खणखणीत, लांब रेंगाळणारा आवाज तिथे उपरा वाटतो.

माझे ऑर्केस्ट्राचे १९, चर्चचे ३ आणि जॅझचे २ असे २४ कार्यक्रम या एकाच प्रकारच्या वाद्यावर होतात. म्हणजे निम्म्याहून जास्त. म्हणून माझ्याकडची सगळ्यात चांगली, सगळ्यात जास्त पैसे घातलेली बेस हीच. पहिला नियम इथे निघतो: जे काम सगळ्यात जास्त, त्याचं वाद्य सगळ्यात चांगलं. आपल्या मनात भलत्याच वाद्याचं कौतुक असलं तरीही.

लग्नाचा संगीत सोहळा : पाचवी तार

इथे गाणी आजची. मूळ गाण्यात बेस बऱ्याचदा कीबोर्डवर वाजवलेला असतो आणि तो पांढरी तीनच्याही खाली जातो. शिवाय गायकाचा निरोप ऐनवेळी येतो: "आज आवाज बसलाय, गाणं पांढरी दोनला घ्या." चार तारांच्या बेसवर पांढरी दोनचा तो खालचा सूर नाहीच. मग तो एक सप्तक वर वाजवावा लागतो आणि नाचणाऱ्यांच्या पायाखालची जमीनच हलकी होते.

पाच तारांच्या बेसला खाली पांढरी सातची आणखी एक तार असते. विज्ञानाच्या शिक्षकांसाठी आकडे देतो: चौथी तार सेकंदाला सुमारे ४१ कंपनं करते, पाचवी सुमारे ३१. वर्गात ध्वनीचा धडा शिकवताना हे उदाहरण जरूर वापरा. जाड तार हळू कंप पावते हे मुलांना डोळ्यांनी दिसतं.

पण एक गोष्ट तपासून घ्यावी. मंडपातल्या छोट्या साउंड सिस्टिमचे स्पीकर ३१ कंपनांपर्यंत खाली जातातच असं नाही. तिथे मूळ सूर दबतो आणि त्याच्या वरच्या पटीतले स्वर तेवढे ऐकू येतात. कान त्यावरून खालचा सूर ओळखतो, पण पोटात जाणवणारा तो धक्का मिळत नाही. आणि वर्षाकाठी दोनच गाणी खाली जात असतील तर चार तारांच्या बेसची खालची तार पांढरी दोनपर्यंत उतरवूनही भागतं. त्याला खर्च शून्य.

माझ्या यादीत लग्नं ९ आणि स्नेहसंमेलनं ५. दोन्हीकडे आजचीच गाणी. १४ कार्यक्रम म्हणजे थोडेथोडके नव्हेत. म्हणून माझी दुसरी बेस पाच तारांची आहे, जुनी घेतलेली.

सुगम संगीत : मोह इथे होतो

भावगीतात मींड हवी. एका स्वरावरून दुसऱ्यावर घरंगळत जायचं. त्यासाठी पडदे नसलेली, म्हणजे फ्रेटलेस बेस असते. जॅको पास्टोरियसने जॅझ बेसवर हा आवाज काय करू शकतो ते दाखवलं. त्याच्या नावाचा पहिला अल्बम १९७६ चा. तो आवाज ऐकला की कुणालाही वाटतं, हे आपल्याकडे हवंच. मलाही वाटतं. आजही वाटतं.

पण कागद काय सांगतो? असे कार्यक्रम ८. त्यातल्या प्रत्येकात फार तर दोन-तीन गाण्यांत मींड खुलून दिसेल. फ्रेटलेसवर सूर रोजच्या रियाझानेच जागेवर राहतो, आणि शाळा सांभाळून तेवढा रियाझ दुसऱ्या वाद्याचा वेळ कापूनच होणार. त्या दोन-तीन गाण्यांत फ्लॅटवूंड तारांवरून बोट सरकवून मी बरंच जवळ जातो. अगदी खास कार्यक्रम असला तर मित्राची फ्रेटलेस आठवडाभर आधी मागून आणतो. म्हणून ती माझ्या घरात नाही.

स्टेजवर दुसरी बेस असण्याचं आणखी एक कारण

पाच तारांच्या बेसमध्ये अनेकदा नऊ व्होल्टची बॅटरी असते. तिच्यावर आतलं सर्किट चालतं. केबल लावली की सर्किट सुरू होतं, म्हणून केबल रात्रभर लावून ठेवली तर बॅटरी उतरते. माझ्या प्रिसिजनला बॅटरीच नाही, त्यामुळे ती भीती नाही. पण दगा कुठूनही होऊ शकतो. एका वर्षी गणपतीतल्या कार्यक्रमात मध्यंतरानंतरच्या दुसऱ्याच गाण्याला तिच्या जॅकच्या आतली तार सुटली. आवाज बंद. मागे स्टँडवर पाच तारांची उभी होती. ढोलकवाल्याने दोन आवर्तनं एकट्याने ओढली, तेवढ्यात मी वाद्य बदललं. मंडळाच्या कार्यकर्त्यांना काही कळलंही नाही. सुपारी घेतली की कार्यक्रम पार पाडायचाच असतो. जॅकची तार सुटली, हे कारण पुढच्या वर्षीचं काम टिकवत नाही.

यातून दुसरा नियम: दुसरं वाद्य असं हवं की पहिल्याला न जमणारं काम ते करेल, आणि पहिलं बंद पडलं तर त्याचंही काम उचलेल. फ्रेटलेस घेतली असती तर नाचाच्या गाण्यांत ती उपयोगी पडली नसती. पाच तारांची बेस दोन्हीकडे बसते.

तिसरा नियम खर्चाचा आहे. वाद्याची किंमत एकदाच द्यावी लागते, त्याचं पोषण मात्र कायमचं. बेसच्या तारांचा संच साध्या गिटारच्या संचापेक्षा बराच महाग. पावसाळ्यात हवेतल्या ओलाव्याने मान वाकते, ती सरळ करून घ्यावी लागते. चांगली बॅग, पट्टा, केबल हे वेगळं. चार बेस म्हणजे हे सगळं चारदा. शिवाय एकेकीचं वजन चार किलोच्या आसपास, आणि ती खांद्याला अडकवून तीन तास उभं राहायचं. पाठीलाही विचारून घ्या.

एका वडिलांचा प्रश्न

माझा एक माजी विद्यार्थी आता पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि दोन ग्रुपमध्ये बेस वाजवतो. त्याच्याकडे शिकाऊ दर्जाची चार तारांची बेस. त्याला हप्त्यांवर नवी, पाच तारांची, भारी बेस घ्यायची होती. वडिलांचं कपडे शिवायचं छोटं दुकान. ते एके संध्याकाळी आले. म्हणाले, "सर, तो म्हणतो ही नसेल तर कामं जातील. खरं आहे की नुसती हौस? जूनमध्ये त्याची फी भरायचीय, धाकटीची अकरावी आहे."

त्या मुलाला मी खूप आधीपासून ओळखतो, पण त्याच्या कामाची माहिती मला नव्हती. म्हणून मी माझं मत दिलं नाही. दोघांना बसवलं आणि कागदावर तीन रकाने आखले: कार्यक्रम, तिथे काय कमी पडलं, मानधन किती. मुलगा मोबाइलमधले मेसेज बघून लिहीत गेला. एकूण १७ कार्यक्रम. त्यांतले ११ लग्नांचे. चार कामं तर दुसऱ्याला गेली, कारण ग्रुपवाल्याला पाच तारांचा वादक हवा होता.

म्हणजे मुलगा खरं बोलत होता. माझ्या यादीवरून त्याला सल्ला दिला असता तर "आधी चांगली चार तारांची घे" असंच मी सांगितलं असतं. त्याची यादी वेगळी, म्हणून उत्तर वेगळं. वडील तो कागद बराच वेळ बघत होते. शेवटी म्हणाले, "तू एवढ्या ठिकाणी जातोस, हे मला ठाऊकच नव्हतं."

पण चार गेलेल्या कामांचं मानधन एकत्र केलं तरी वर्षभराचे हप्ते फिटत नव्हते. तेही त्याच कागदावर दिसलं. मग दोघांनीच मार्ग काढला. कर्ज नाही. मुलाच्या साठवलेल्या मानधनातून वापरलेली पाच तारांची बेस घ्यायची. घेण्याआधी मान सरळ आहे का, प्रत्येक पडद्यावर सूर स्वच्छ येतो का, बटणं फिरवताना खरखर होते का, हे मी बघून द्यायचं. शिकाऊ बेस विकून फारसे पैसे येणार नव्हते, म्हणून ती जादा म्हणून ठेवायची. फीला हात लागला नाही. दिवाळीनंतरच्या लग्नसराईत तो त्याच बेसवर वाजवत होता.

शाळेसाठी दोन शब्द

शाळेच्या वाद्यवृंदासाठी बेस घ्यायची असेल तर तारेची लांबी बघा. नेहमीच्या बेसची ३४ इंच असते. सहावी-सातवीच्या मुलामुलींच्या बोटांना खालच्या पडद्यांवर ती फार ताणते. ३० इंचांच्या आसपासची, म्हणजे शॉर्ट स्केल बेस मिळते. ती 'लहान मुलांची' म्हणून हलकी समजू नका. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीची व्हायोलिनच्या आकाराची हॉफनर याच प्रकारची. शाळेसाठी एक शॉर्ट स्केल आणि एक नेहमीची, दोन्ही मजबूत आणि साध्या, बॅटरीशिवायच्या घ्याव्यात. बेस शिकणारी पाच मुलं असली तरी पाच बेस लागत नाहीत. लागतं ते कुणी कधी वाजवायचं याचं वेळापत्रक, आणि ते करण्यात तर आपण शिक्षक मुरलेलेच आहोत.

पालकांनो, तबला असो, पेटी असो की क्रिकेटची बॅट, मुलाने दुसरी मागितली की आधी त्याला त्याची यादी करायला सांगा. वर्षभरात कुठे वापरलं, काय अडलं, काय मागून आणता आलं असतं? ती यादी त्याच्या हातची असू द्या आणि तुम्ही शेजारी बसून वाचा. तिसरा रकाना रिकामा राहिला तर मुलालाच कळेल. भरला, तर पैसे कशासाठी जातायत हे तुम्हाला कळेल.