बंदुकीचे बारसे

आमच्या कोकणातल्या घरी एक बंदूक आहे, असे मी सांगितले की ऐकणारा आधी माझ्या देहयष्टीकडे पाहतो आणि मग खुदकन हसतो. त्याचे चुकत नाही. ही ठासणीची बंदूक आजोबांची. रानडुकरांपासून भात राखायला तिचा परवाना काढलेला; तो पुढे वडिलांच्या आणि मग माझ्या नावावर झाला. आता वर्षातून एकदा, खंडेनवमीला, ती माजघरातल्या पाटावर येते, गंधफूल घेते आणि पुन्हा कुलपात जाते.

गेल्या वर्षी अमेरिकेतला पुतण्या सुट्टीला आला होता. पूजेसाठी बंदूक बाहेर काढून मी फुले आणायला गेलो, हीच माझी चूक. परत येतो तो चिरंजीव पॉलिश पेपरने नळी घासत बसलेले!

"काका, केवढा गंज होता! आता काळा रंग दिला की नवी दिसेल."

मी चष्मा लावून नळीवरचा आकडा शोधू लागलो. शेवटचा अंक तीन की आठ, काही कळेना. माझ्या घशाला कोरड पडली.

"एका आकड्याचे एवढे काय?" तो म्हणाला.

त्याच्या देशात कारखान्याच्या बंदुकीवर आकडा किमान ०.००३ इंच खोल आणि १/१६ इंच उंच असावा, असे मापच ठरलेले आहे. मात्र कुणी स्वतःपुरती घरी बंदूक केली, तर संघराज्याचा कायदा तिच्यावर आकडा मागत नाही. काही राज्ये मागतात. घरी जोडायच्या संचांवर विक्रेत्यांनी आकडा घालावा, असा नियम २०२२ साली आला आणि २०२५ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला.

आपला १९५९ चा शस्त्र अधिनियम याहून करडा. बंदुकीवरचे नाव, क्रमांक वा खूण पुसू नये, बदलू नये, असे त्याचे आठवे कलम सांगते. आणि खूण पुसलेली बंदूक ज्याच्याजवळ सापडेल, त्यानेच ती पुसली असे धरून चालते. 'मी नव्हे' हे त्यानेच सिद्ध करायचे!

हा कायदा १ ऑक्टोबर १९६२ रोजी अमलात आला, तेव्हा बिनखुणेच्या जुन्या बंदुका बाळगणाऱ्यांना एक वर्षाची सवलत होती. त्या वर्षात आजोबा आमची बंदूक घेऊन रत्नागिरीला गेले आणि आकडा घालून आले. "बारसे झाले हो हिचे!" म्हणत त्यांनी आम्हा पोरांच्या हातावर गूळखोबरे ठेवले होते.

तेच नाव आता पुसले जात होते. मी बंदूक आणि परवाना घेऊन ठाण्यावर निघालो. पुतण्या न बोलता बरोबर आला आणि मी तोंड उघडण्याआधीच म्हणाला, "साहेब, घासली ती मी. काकांना ठाऊक नव्हते." साहेबांनी नळी उजेडात तिरपी धरली, परवान्याशी ताडून पाहिली. अंक आठच होता. "रंग देऊ नका," एवढेच ते म्हणाले.

या बंदुकीचा दस्ता दोनदा बदलला, घोडा एकदा. तरी ती आजोबांचीच, ती त्या आकड्यामुळे. ज्या हत्याराला नाव नाही, त्याने केलेल्या घाताला धनीही नाही. कायद्याला भीती वाटते ती याचीच.

यंदा खंडेनवमीला पहाटेच पुतण्याचा फोन आला.

"काका, गंध जरा खाली लावा. आकडा दिसू दे."