नांगर आणि लंगर

एटापल्लीहून समुद्र फार लांब आहे. त्यातल्या त्यात बंगालचा उपसागर जवळ, पण तोही गावात फारसा कुणी पाहिलेला नाही. त्यामुळे इथे नांगर म्हटला की बैल, ओली माती आणि मृगाचा पाऊस एवढेच डोळ्यांसमोर येते.

आम्ही उर्दू माध्यमाचे शिक्षक. वर्गात ‘लंगर’ शब्द आला की मुलांना दर्ग्यावरचे जेवण आठवते. जहाजाचा लंगर समजावताना मात्र आम्हाला मराठीच उपयोगी पडते, कारण जहाज धरून ठेवणाऱ्या त्या लोखंडी आकड्याला मराठीत नांगर म्हणतात. शेतातला नांगर संस्कृत ‘लांगल’चा वारस, तर जहाजावरचा फारसी ‘लंगर’चा. दोन वेगळ्या घरांतले शब्द मराठीच्या तोंडी एक झाले. दर्याचे उलट झाले. कोकणात दर्या म्हणजे समुद्र, आमच्या उर्दूत दरिया म्हणजे नदी. आणि कच्छी गलबतावर दिशा पाहणारा तो मालम, मूळ अरबीत ‘मुअल्लिम’, म्हणजे शिक्षक! हे वाचले तेव्हा आम्हाला आमच्या खडूफळ्याचा थोडा अभिमानच वाटला.

नांगर आणि लंगर यांचे नाते केवळ उच्चाराचे नाही. जहाजाचा नांगर नुसत्या वजनाने धरत नाही, तळाच्या गाळात रुततो म्हणून धरतो. 1933 साली जी. आय. टेलर या इंग्रज शास्त्रज्ञाने नावेसाठी जो नवा नांगर तयार केला, त्याचा आकार शेतातल्या फाळासारखाच होता. तो नीट रुतायचा तर ओढ आडवी हवी, म्हणून खलाशी पाण्याच्या खोलीच्या पाच-सात पट दोर सोडतात. दोर आखूड पडला तर नांगर उचलला जातो आणि नाव वाहू लागते.

ग्रीसच्या छोट्या बंदरांत शिडाची नाव समोर नांगर टाकते, मागे सरकत धक्क्याला येते आणि पिछाडीचे दोर धक्क्यावरच्या कड्यांना बांधते. तिथे हे जमते, कारण भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी नावापुरतीच असते. मुंबईच्या किनाऱ्यावर मोठ्या भरती-ओहोटीत चार मीटरहून अधिक फरक पडतो. तिथे दोर मोजूनच सोडावा लागतो.

आमच्या भागात बांडिया, पर्लकोटा, पामुलगौतम, इंद्रावती या नद्या. त्यांची भरती पंचांगात सापडत नाही. वर छत्तीसगडात पाऊस पडला की इथे कोरड्या आभाळाखाली पाणी चढते. 2019 च्या पावसाळ्यात भामरागडचा संपर्क पुन्हा पुन्हा तुटला. अशा वेळी पलीकडच्या गावांना आधार असतो तो एका खोडात कोरलेल्या डोंग्याचा. त्याला नांगर नसतो. एक दोर आणि काठावरचे झाड, एवढीच त्याची व्यवस्था.

एका पावसाळ्यात संध्याकाळी एक नावाडी डोंगा बांधताना आम्ही पाहिला. खालचे सोयीचे झाड सोडून तो वरच्या झाडापर्यंत चढला आणि दोर चांगला सैल ठेवला. आम्ही कारण विचारले. तो म्हणाला, “गुरजी, घट्ट बांधला तं पानी चढल्यावर डोंगा तोंड खाली घालते.” रात्री पाणी चढले. सकाळी खालचे झाड कमरेइतके बुडाले होते, डोंगा वरच्या झाडाजवळ डुलत होता. त्याच डोंग्यातून दुपारी पाणी थोडे शांत झाल्यावर पलीकडची एक अडलेली बाळंतीण अलीकडे आली. तिच्या सासूने काठावर उतरताच आधी त्या झाडाला हात लावला.

आम्हाला सगळीकडे एक प्रश्न विचारला जातो, “तुम्ही मूळचे कुठले?” एटापल्ली सांगितले तरी समाधान होत नाही. “म्हणजे त्याआधी?” नाव मुसलमानाचे, शाळा उर्दू, मग हे इतके मराठी कसे, असा त्यामागचा सूर. काहींना वाटते, आम्ही एकाच खुंटाला आखूड बांधलेले असावे. घरात उर्दू बोलणारा मराठीत लिहितो, म्हणजे त्याचा दोर सुटला. त्यांना आम्ही आता वंशावळ सांगत बसत नाही. त्या नावाड्याचा दोर सांगतो. तो लांब होता, म्हणूनच डोंगा सकाळी आपल्या काठावर होता.